बोरमळ्याचा न हरवलेला मेंढा

सुषमा कोकरेबाईंना एक खोड आहे. त्यांना कुणी बोचेल असं बोललं, की त्या आधी गप्प बसतात, मग चहा पितात, आणि मग असं काही अंगावर घेतात की बोलणाऱ्याला वाटावं, उगाच तोंड उघडलं. डीएडला प्रवेश घेतला तेव्हा भावकीतलं कुणीतरी म्हणालं होतं, मेंढरं वळणाऱ्याची पोरगी काय मास्तरीण होणार! त्या दिवशीही चहा झाला आणि पोरगी मास्तरीण झाली. त्यामुळे त्या सोमवारी भर दुपारी बाईंनी शाळेतल्या खिचडीच्या गॅसवर स्वतःच आधण ठेवलं, तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या रंगुबाईने मनाशी ओळखलं, आज कुणीतरी काहीतरी बोललंय.

बोललं होतं गावातलं सगळ्यात वजनदार तोंड. बोरमळा ही शिरूर तालुक्यातली न्हावऱ्याच्या अलीकडची वाडी. तिथल्या शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव आप्पा ढोले. तीस एकर ऊस, सोसायटीत शब्दाला मान, आणि कडक इस्त्रीची टोपी. शाळेला त्यांनी चौथीतच रामराम ठोकला होता, पण सही अशी झोकदार करायचे की कागदाला पीळ पडावा. सहीच्या वरचं सगळं दुसऱ्यांनी लिहायचं. त्या दिवशी त्यांनी आणलेला अर्जही सोसायटीच्या सचिवाच्या अक्षरात होता. नात प्राची हिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.

"बाई, राग मानू नका," आप्पा म्हणाले. "तुम्ही माणूस म्हणून लई चांगल्या. पण पोरगी म्हणती, मराठीच्या तासाला झोप येती. आता अध्यक्षाची नातच झोपाया लागली, तर लोक काय म्हणत्याल? शिरूरच्या इंग्लिश शाळेची बस न्हावऱ्यापतुर येती. बघू तिथं जागी ऱ्हाती का."

"गुरुजी प्रशिक्षणाला गेलेत, आप्पा. दाखल्यावर सही मुख्याध्यापकांची लागते. शनिवारी या."

हे अगदी खरं होतं, पण सरकारी प्रशिक्षणाचे एवढे आभार बाईंनी उभ्या नोकरीत मानले नव्हते. अर्ज घडी घालून खिशात ठेवत आप्पा गेले. शाळेचा पट बावीस. अध्यक्षांची नात गेली की मागोमाग आणखी चार-पाच पोरं त्याच बसमध्ये चढणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पट वीसच्या खाली गेला की शाळा मोडून पोरं न्हावऱ्याला पाठवतील, ही कुजबुज तर दर वर्षी असायचीच. पण बाईंना पटापेक्षा ती 'झोप' जास्त लागली. पाठाखालचे प्रश्न, रिकाम्या जागा, वाक्यात उपयोग करा... खरं सांगायचं तर मार्च महिन्यात त्यांनाही तिसऱ्या वाक्याला जांभई यायची.

चहा पिता पिता त्यांना आठवण झाली फोनमधल्या एआयची. मागच्या महिन्यात तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं: भाषेच्या तासाला एआयकडून उपक्रम कसे बनवून घ्यावेत. सभागृहात पंखे दोन आणि शिक्षक दोनशे, त्यामुळे बाईंच्या ध्यानात एवढंच राहिलं की आपण लिहायचं आणि तो देतो. त्यांनी लिहिलं, 'चौथीच्या मुलांसाठी मराठीचा मजेशीर उपक्रम दे.' आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याने दिला.

मंगळवारी तो उपक्रम वर्गात उतरला. राहुल आणि प्रिया विमानतळावर गेले आहेत आणि त्यांची बॅग हरवली आहे. पोरांनी जोड्या करून संवाद म्हणायचा. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" "धन्यवाद, माझी निळी सुटकेस सापडत नाही." आप्पांच्या प्राचीने अशी ऐसपैस जांभई दिली की दारातून दिसणाऱ्या पहिलीच्या एका पोरानेही दिली.

बाई राहायला भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात, पारगावजवळच्या वस्तीवर वडिलांपाशी. मल्हारी आबांचा सगळा जन्म मेंढरांमागे पायपीट करण्यात गेला. आता गोठ्यात हौसेखातर सात मेंढ्या उरल्या होत्या आणि त्या सातही आबांपेक्षा आळशी होत्या. स्कूटी उभी करून बाईंनी विमानतळाची कर्मकथा सांगितली.

"त्येला तू सांगितलंस काय?" आबांनी विचारलं.

"मजेशीर उपक्रम दे म्हटलं."

"कुणासाठी? कुठल्या गावात? सुषे, मेंढरांना नुसतं 'चला' म्हणलं तर ती चालत्यात. पर कुठं चालली, ते दुसऱ्याच्या हरभऱ्यात घुसल्यावर कळतं. त्येला गाव सांग, वाट सांग, पाणी कुठं हाय ते सांग. मग हाक."

बीएड, डीएड, प्रशिक्षणं सगळी झाली होती, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी तिथंच गव्हाणीच्या कट्ट्यावर बसून फोनला सविस्तर लिहायला घेतलं. वाडी कशी आहे, पोरं काय बोलतात, गिरणी कुठं, बंधारा कुठं. पोरांना सूचना लिहायला, प्रश्न विचारायला, दोन माणसांचं बोलणं ताडून बघायला आणि घडलेलं क्रमाने मांडायला शिकवायचंय. एक तपास तयार कर. मेंढा हरवलाय.

पहिला मसुदा आला तो बाईंनी मोठ्याने वाचला. "जाहीर सूचना. एक नर मेंढी हरवली आहे. ती रोज सकाळी दूधभाकरी खाते व मालकाच्या हाकेला शेपूट हलवून प्रतिसाद देते."

आबांना हसता हसता ठसका लागला. "ह्यो एडका हाय का कुत्रं?"

मग आबांनी खरा मेंढा सांगितला. त्यांच्या तरुणपणी कळपात होता, झुंबऱ्या नावाचा. कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान फाटका, गळ्यात घुंगरू, आणि स्वभाव असा की तीन गावांची कुत्री त्याला वाट द्यायची. बाईंनी ते सगळं लिहिलं. फोनने उत्तर दिलं, 'आपण अगदी बरोबर आहात, माझ्या चुकीबद्दल क्षमस्व.' हे मात्र आबांना फार आवडलं.

"माणूस चांगला हाय गं. आपल्या भावकीत कवा कुणी असं म्हणलंय?"

बुधवारी साक्षीदारांचं काम निघालं. फोनने सुचवलेली नावं पुन्हा विमानतळावरचीच वाटायला लागली, म्हणून बाईंनी बोरमळ्याची माणसं घातली. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हस्कू, गिरणीवाला ज्योतिबा, खिचडीवाली रंगुबाई आणि सर्जेराव आप्पा. आपलं नाव नातीच्या अभ्यासात आलेलं बघून आप्पा खूश होतील, असा त्यामागे थोडा मतलबही होता. मेंढ्याचा मालक म्हणून आबांनी हट्टाने स्वतःचं नाव घालून घेतलं: मल्हारी कोकरे, पारगाव. शेवटी बाईंनी सांगितलं, चोर कोण ते तूच ठरव आणि उत्तर शेवटच्या पानावर दे. सहा पानं झाली. बाईंनी पाच पानं शब्द न् शब्द वाचली. चार ठिकाणी मेंढ्याला पुन्हा दूध पाजलं होतं, ते काढून टाकलं. सहावं पान वाचायच्या वेळेला मेंढ्यांना पाणी दाखवायचं होतं. उत्तर काय, असेल कुणीतरी, म्हणून ते राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी सहा पानांची फाइल शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेली. वर लिहिलं होतं, 'चौथीचा घरचा अभ्यास.' पण निम्म्या पालकांच्या फोनवर फाइल उघडत नाही, हे बाईंना अनुभवाने माहीत होतं. म्हणून त्यांनी पहिल्या पानाचा फोटोही टाकला. आणि तो फोटो एकटाच गाव फिरायला निघाला.

शुक्रवारी सकाळी बाईंची स्कूटी बोरमळ्याच्या फाट्यावर वळली, तेव्हा देवळावरचा भोंगा खाकरला.

"हॅलो, हॅलो. समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं की," म्हस्कूचा आवाज घुमला, "आपल्या कोकरेबाईंचं वडील मल्हारी आबा, ऱ्हाणार पारगाव, यांचा मेंढा गुरुवारी सांजच्याला आपल्या शिवारातनं हरवलेला हाय. कपाळाव पांढरा ठिपका, डावा कान फाटका. नाव झुंबऱ्या. तरी घावल्यास शाळंत आणून द्यावा."

म्हस्कूचा नियम साधा होता. वर 'जाहीर सूचना' लिहिलेलं दिसलं की भोंग्यावर वाचायचं. सूचना खरी की खोटी हे बघणं शिपायाचं काम नाही.

बाईंनी ब्रेक दाबला आणि पुढे बघितलं तर गाव उठलं होतं. रांजणगावहून रात्रपाळी करून आलेली पोरं झोपायचं सोडून मोटारसायकली घेऊन निघाली होती. दोघं तिघं उसात शिरले होते. ज्योतिबाने पट्टा काढून गिरणी बंद ठेवली होती. आणि शाळेच्या फाटकात रंगुबाई पदराने डोळे पुसत उभी होती.

"बाई, आबांना म्हणावं, जिवाला लावून घेऊ नका. आख्खं गाव हुडकतंय. घावंल."

बाई स्कूटीवरून उतरल्या. चार वर्षं त्या या गावात शिकवत होत्या, पण आपण इथल्या कुणी आहोत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि आता वाटलं, ते एका खोट्या मेंढ्यामुळे! लाज वाटत होती, बरंही वाटत होतं आणि हसूही दाबावं लागत होतं. त्यांनी म्हस्कूला फोन लावला. "उसातल्या पोरांना आधी घरी पाठवा, झोपू द्या त्यांना. मेंढा कुठाय ते कळलंय. तुम्ही मात्र शाळेत या." यात एकही शब्द खोटा नव्हता.

पण प्रार्थना संपेपर्यंत खुद्द गावानेच कमाल केली होती. शाळेच्या ओट्यावर प्रत्यक्ष डोळ्यांनी मेंढा बघितलेले तीन साक्षीदार हजर झाले. म्हस्कूने तो पहाटे बंधाऱ्यावर पाहिला होता. ज्योतिबाने तो तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसलेला पाहिला होता. रंगुबाईची परसातली मेथी तर त्याने खाल्लीच होती. फोन थापा मारतो, त्याचं तपासून घ्यावं, असं प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं. बोरमळ्याबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं.

बाई खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात कुणीतरी त्यांची ओढणी ओढली. प्राची होती. हातात वही, कानावर पेन्सिल, डोळे टक्क उघडे. तिच्या घरच्या फोनवर फाइल उघडली होती आणि तिने पाच पानं रात्री जेवायच्या आधीच वाचून काढली होती. सहाव्या पानावर 'तपास पूर्ण झाल्यावरच वाचा' असं लिहिलेलं होतं, म्हणून ते तिने इमानदारीने राखून ठेवलं होतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "अभ्यास हाय हे ह्यांना म्हाईत न्हाई. ह्यांचे जबाब घेऊ का? एकच तास. मग सांगू."

बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. या पोरीला मराठीच्या तासाला इतकी जागी त्यांनी कधी पाहिली नव्हती. "एकच तास," त्या म्हणाल्या.

चौथीची नऊ पोरं वह्या घेऊन ओट्यावर बसली आणि म्हस्कूला मधे बसवलं.

"म्हस्कूमामा, पहाटं अंधार हुता का?" प्राचीने विचारलं.

"व्हय की. मिट्ट."

"मग कपाळावरचा ठिपका दिसला कसा?"

"बॅटरी हुती न्हवं हातात."

"उजेड पडल्याव मेंढा काय करत हुता?"

"पळाला. असा टणाटण उड्या मारत."

"घुंगरू वाजलं का?"

म्हस्कूने डोळे मिटून आठवलं. "न्हाई. अजिबात न्हाई."

"लिवा रे," प्राची मागे वळून म्हणाली. "मेंढा पळाला. घुंगरू वाजलं न्हाई. ज्योतिबाकाका म्हणत्यात, मोटारसायकलवर नुसतं बसल्या बसल्या घुंगरू वाजत हुतं. ह्या दोघांत एक जण चुकतोय."

"मोटारसायकल खड्ड्यातनं चालली हुती," ज्योतिबा घाईने म्हणाला.

"त्ये तुम्ही आधी सांगितलं न्हाई. खोडा आन् पुन्हा लिवा रे."

पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं लिहिताना ज्यांच्या पेन्सिलीला नेहमी टोक नसायचं, ती पोरं खाली मान घालून लिहीत होती. बाई भिंतीला टेकून बघत होत्या. कधी, कुठे, कुणी, कशावरून, सगळे प्रश्न आपोआप रांगेत येत होते. शेवटी रंगुबाईची मेथी पाहायला दोन पोरं परसात जाऊन आली आणि मेथी खाणारी शेळी तिथंच तोंड हलवत उभी असल्याचा जबाब त्यांनी दिला.

तास संपला तशी प्राची उभी राहिली. "मेंढा हरवलाच न्हाई. त्यो आमचा घरचा अभ्यास हुता. फोनकडनं बाईंनी बनवून घेतला."

बाईंनी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं, आबांच्या झुंबऱ्यापासून पहिल्या पानाच्या फोटोपर्यंत. आधी रंगुबाईला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. एकटा म्हस्कू तेवढा गोंधळून उभा होता.

"पर मी बघितला की!" तो म्हणाला.

हसण्याचा लोंढा ओसरेना. त्यातच फाटकातून एक भारदस्त आवाज आला. "मग चोर कोण धरलाय त्यात?" सर्जेराव आप्पा केव्हाचे येऊन उभे होते.

तपास पूर्ण झालाच होता. प्राचीने बाईंच्या फोनवर फाइल उघडली आणि सहावं पान खणखणीत वाचलं. "चोर, सर्जेराव आप्पा. कारण, गावातील सर्वांत प्रतिष्ठित व्यक्तीवर कोणीही संशय घेत नाही."

बाईंना न वाचता सोडलेलं पान आठवलं. हे सहावं पान! ओट्यावर आता कुणी हसेना, म्हस्कूसुद्धा भोंग्याकडे बघायला लागला. आणि प्राचीने कानावरची पेन्सिल काढली.

"आप्पा, तुमचा जबाब ऱ्हायलाय. गुरुवारी सांजच्याला कुठं हुता?"

"मला इचारतीस? सख्ख्या आज्याला?"

"तपासात आजाबिजा नसतो. साक्षीदार कोण हुतं?"

आप्पांनी टोपी सारखी केली. ते नातीशी बोलले नाहीत, बाईंकडे बघून म्हणाले, "उद्या शनिवार हाय. गुरुजी येणार न्हवं?" आणि गेले.

संध्याकाळी बाई आबांजवळ बसल्या तेव्हा त्यांना खरंच रडू आलं. पोरगी जागी झाली होती आणि नेमकी आत्ताच जाणार होती.

"चूक कुणाची?" आबांनी विचारलं. "फोनची का तुझी?"

"माझी. शेवटचं पान मी वाचलं नाही."

"मग उद्या जाऊन तसं सांग."

शनिवारी सकाळची शाळा. गुरुजी आले होते आणि त्यांनी दाखल्याचं पुस्तक कपाटातून काढून चौथीच्या वर्गातल्या टेबलावर ठेवलं होतं. साडेआठला सर्जेराव आप्पा आले. खिशातून तोच घडी घातलेला कागद त्यांनी काढला. बाई ताबडतोब उभ्या राहिल्या.

"आप्पा, माफ करा. तुमचं नाव मी न विचारता घातलं. आणि शेवटचं पान न वाचता पाठवलं. दोन्ही चुका माझ्या."

"ते ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज आज जरा बारीक होता. "आधी ह्ये वाचा."

बाईंनी कागद हातात घेतला. पेन्सिलीने, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, ओळी चढत उतरत गेलेल्या:

'जबाब. मी सर्जेराव ढोले. गुरुवारी सांजच्याला मी सोसायटीत हुतो. नऊ माणसं हुती. मेंढा मी नेला न्हाई. नेला असता तर दिवसा नेला असता, मला कुणाचं भ्या हाय? चौथी सोडल्यापासनं मी सही सोडून कायबी लिवलं न्हवतं. आज नात म्होरं बसली आन् लिवल्याबिगर जेवू देईना.'

खाली ती झोकदार सही. आणि सहीच्या खाली लाल पेनाने, वळणदार अक्षरात: 'साक्षीदारांची नावं नाहीत. पुन्हा लिहून आणा. प्राची, तपास अधिकारी.'

बाईंनी डोळे पुसायचे म्हणून कागद उलटा धरला, तर मागच्या बाजूला सचिवाच्या अक्षरात ओळ होती: 'नात प्राची हिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.'

"घरात दुसरा कोरा कागद घावला न्हाई," आप्पा भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाले. घरात दोन नातवंडं, दोन दप्तरं आणि वह्यांचा ढीग होता, हे वर्गात सगळ्यांनाच ठाऊक होतं. गुरुजींनी दाखल्याचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं.

"आता नऊच्या नऊ नावं लिवायची का बाई? दोन-चार न्हाई चालायची?"

"ते मला नका विचारू, आप्पा. तपास अधिकारी तिकडं आहेत."

आप्पांनी तिकडं बघितलं. तपास अधिकाऱ्यांनी फक्त मान हलवली. मग बाईंनी दिलेला आखीव कागद घेऊन बोरमळ्याचे अध्यक्ष चौथीच्या बसकरावर, सगळ्यात मागे, मांडी घालून बसले, आणि त्यांनी शेजारच्या पोराकडे टोक केलेली पेन्सिल मागितली.